कुंदाताईंचा आग्रह

कुंदाताई हटवारांकडे जेवायचं आमंत्रण आलं की माझी बायको मला दुपारचा चहासुद्धा देत नसे. तिचं बरोबरच होतं. भिलाईतल्या हुडको वसाहतीत आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून. मी पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालेला, पोटाने जन्माचा नाजूक माणूस. आणि ही बाई पुरणपोळ्यांचं ताट हातावर तोलत अशी यायची, की पंगतीतली भली भली माणसं मांडी सावरून बसत. 'नको' हा शब्द तिने ऐकलाच नाही असं वाटावं, इतक्या सहज पोळी ताटात पडायची. मागोमाग तूप. मग पाटवडीचा रस्सा. आपण वर बघावं, तर ती पुढच्या ताटापर्यंत पोचलेली असायची.

एरवी ही बाई पोलिसात होती हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. इकडे छत्तीसगडात 'प्रधान आरक्षक' म्हणतात, आपल्या भाषेत हवालदार. बुटकी, गोल, डोक्याला चापून तेल, चष्म्याची दांडी एका बाजूला दोऱ्याने बांधलेली. वर्दी अंगावर असली तरी शेजारणीची वर्दी मागून आणल्यासारखी दिसायची. वडील भंडाऱ्याकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून प्लांटमध्ये मजुरीला आले, ती इथेच वाढली, नवरा प्लांटमध्येच, कोक ओव्हनच्या भट्टीवर. रस्त्यावर हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि उंबरठा ओलांडला की पक्की झाडीपट्टीची मराठी.

आग्रह हा त्यांच्या घराण्याचा धर्म होता. पहिल्यांदा वाढलेलं मुकाट घेणारा त्यांच्याकडे अधाशी ठरायचा. पाहुण्याने 'नको' म्हणायचं, वाढणाऱ्याने ते कानाआड करायचं, पाहुण्याने पुन्हा 'नको नको' करायचं, आणि मग त्याच्या पोटाला पाहिजे तेवढं वाढलं जायचं. दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक असायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "कुंदाताई, माणूस खरंच नाही म्हणत असेल तर?"

"मले समजते ना काकाजी," ती म्हणाली. "हात ताटाच्या बाजूले ठेवून नाई म्हणते, तो भुकेला आहे. ताटावर हात धरते पण बोटं फाकवून, त्याले अर्धी पायजे. अन् बोटं जुळवून ताटावर वाकला, का समजायचं, याचं पोट भरलं. तोंडाकडे कावून पायता? हाताकडे पाहा ना जी."

आमचा जावई जवळच्या कुम्हारी गावचा, पण वाढला सगळा हिंदी शेजारात. त्याला या शास्त्राचा गंध नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला गेला, तेव्हा बिचाऱ्याने पोट भरल्यावर अगदी प्रामाणिकपणे "बस, नहीं चाहिए" म्हटलं आणि हात मांडीवर ठेवले. झालं! हात बाजूला, म्हणजे भुकेला. तो एकेक पोळी संपवत गेला आणि ती एकेक वाढत गेली. शेवटी घाम फुटला त्याला. अजूनही हुडकोत यायचं म्हटलं की तो आधी विचारतो, "वो पुलिसवाली आंटी घर पर हैं क्या?"

पुढे तिला सायबर गुन्ह्यांच्या एका पथकात घेतलं. तिथे खोट्या नावाने गुन्हेगारांशी मोबाइलवर गप्पा मारायच्या आणि त्यांना जाळ्यात आणायचं असं काम. शिकलेली पोरं होती की पथकात, पण त्यांचं लिहिणं पोलिसांसारखंच यायचं. कुंदाताई कोणासारखंही लिहायची. कधी ठेकेदार, कधी कॉलेजातली पोरगी, कधी खेड्यातला म्हातारा. संध्याकाळी व्हरांड्यात सरकारी मोबाइल घेऊन बसली की आम्हाला फक्त तिचा चेहरा दिसायचा. चालू कामाबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही, पण म्हातारा झाली असली की आम्ही ओळखायचो, कारण लिहिता लिहिता ती खोकायची.

"खोकलं नाई तर शब्द तरुण येते जी," असं तिने नंतर मला समजावलं होतं.

तिची पहिली मोठी केस आमच्या भिलाईला शोभेल अशीच होती. प्लांटमध्ये नोकरी लावून देतो, अशी जाहिरात मोबाइलवर फिरवून कोणीतरी गरिबांना लुबाडत होतं. कुंदाताई झाली मुलाच्या नोकरीसाठी धडपडणारा बाप. एक ओळ लिहिली, "साहब, लड़के का काम हो जाएगा क्या?" आणि डाळ शिजायला टाकून बसली. डाळ शिजेपर्यंत त्या माणसाचेच निरोपावर निरोप. बाबूजी कुठे गेलात, जागा भरत चालल्यात, उशीर करू नका! दोन दिवसांत तो स्वतःच्या पायांनी ठरल्या जागी आला आणि पकडला गेला. पेपरात बातमी आली, त्या दिवशी तिने आम्हाला जेवायला बोलावलं, आणि माझं काय झालं ते सांगत नाही.

मी निवृत्त माणूस, दिवसभर पेपर वाचून वाद घालायला मोकळा. तिला म्हटलं, "म्हणजे पोलिसांनीच आमिष दाखवायचं आणि पोलिसांनीच पकडायचं. हा कुठला न्याय?"

ती चिडली नाही. "आमिष नाई दाखवत मी. दार लोटून ठेवते. ज्याचा धंदाच तो आहे, तो आपणच ढकलून आत येते. ट्रेनिंगमदी हेच सांगतलं होतं आमाले. जो गुन्हा करून राहिला त्याले पकडा. जो करत नाई त्याच्याकडून करवू नका."

तिच्या तोंडून ऐकताना ते किती सोपं वाटलं होतं! पोलिसांनीच करवून घेतलेल्या गुन्ह्यासाठी कायद्यात वेगळं कलम नाही, हे मला नंतर कळलं. पोलिसांनी लावलेला सापळा रास्तच असतो, पण गुन्हा आधीपासून होत होता की पोलिसांनीच तो जन्माला घातला, हे न्यायाधीशाने पाहायचं असतं. आणि ते कळायला सापळा लावणाऱ्याच्या तोंडाशिवाय दुसरा रस्ता बहुतेक वेळा नसतो.

कुम्हारीत दिलीप देवांगन नावाच्या माणसाचं औषधांचं दुकान होतं. घरपोच औषधं देतो म्हणून त्याने स्वतःचा नंबर मोबाइलवर सगळ्यांना दिलेला. नशेच्या गोळ्यांविरुद्ध तेव्हा मोहीम चालू होती, पथकाच्या साहेबांवर वरून दबाव होता, आणि कोणीतरी खबर दिली की हा देवांगन वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीशिवाय विकतो, पोरं त्या नशेसाठी घेतात. साहेबांनी कुंदाताईंना कामाला लावलं.

तिने गिऱ्हाईक होऊन गोळ्या मागितल्या. त्याने लिहिलं, डॉक्टरची पर्ची पाठवा. तिने लिहिलं, पर्ची हरवली. तो म्हणाला, मग नाही जमणार दीदी. इथे खरं तर डाळ शिजायला टाकायची होती. तिने वाटही पाहिली, पण त्याचा एकही निरोप आला नाही. साहेब रोज विचारत, काय झालं? म्हणून दुसऱ्या दिवशी तिनेच पुन्हा लिहिलं, आई आजारी आहे. तो म्हणाला, दवाखान्यात न्या. तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं की आईला हाडांचा कर्करोग आहे, रात्रभर ओरडते, कूस बदलता येत नाही, तोंडात पदराचा बोळा धरून रडते. हे तिला मनाने रचावं लागलं नाही. तिची स्वतःची आई तशीच गेली होती. आम्ही पाहिली होती ती बाई, भिंतीपलीकडून ऐकलीही होती.

देवांगनने लिहिलं, ठीक आहे, एक पट्टी देतो, पण उद्या पर्ची नक्की आणा. पट्टी तिच्या हातात देताना त्याला पकडलं. विकली एकच पट्टी, पण जप्तीत दुकानातला त्या गोळ्यांचा सगळा साठा दाखवला गेला. त्यामुळे प्रकरण मोठं झालं, जामीन मिळेना, आणि शिक्षा झाली तर कित्येक वर्षांची होणार होती. पेपरात साहेबांचा फोटो आला. कुंदाताईंचं नाव बढतीसाठी गेलं.

त्या वेळी मात्र तिने आम्हाला जेवायला बोलावलं नाही.

थोड्या दिवसांनी तिच्या भाच्याचं बारसं तिच्या घरी झालं. आम्ही सगळे सवयीने कमी खाऊन गेलो. पंगत बसली, कुंदाताई वाढायला आली. "पोळी वाढू?" पहिल्या पाहुण्याने रीतीप्रमाणे "नको नको" म्हटलं आणि ती पुढे गेली. दुसऱ्याने म्हटलं, पुढे गेली. पंगतभर हीच तऱ्हा. सगळे भुकेले, सगळ्यांचे हात ताटाच्या बाजूला, आणि मागून घ्यायची कोणाला सवय नाही! भंडाऱ्याहून आलेली तिची आत्या तर बाहेर ओट्यावर येऊन डोळे पुसत होती. "काय चुकलं जी आमचं? पोरीनं एका शब्दानं घ्या म्हटलं नाई." लोक अर्धपोटी परतले, आणि हटवारांना पाहुणे जड झाले अशी चर्चा पार सुपेल्याच्या बाजारापर्यंत गेली. मी घरी येऊन बायकोला भात टाकायला लावला. हसायला येत होतं, पण आत कुठेतरी चुकल्यासारखंही वाटत होतं.

कोर्टात तिची साक्ष ठरली, त्याच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. बायकोने चहा पुढे केला, तो तिने तसाच ठेवला.

"काकाजी, त्या देवांगनले ठाण्यात आणलं ना, त्या दिवशी तो बाकावर बसून होता. मी साध्या साडीत होती. त्याले वाटलं, मले बी धरून आणलं. त्यानं मले जवळ बोलावलं अन् हळूच इचारलं, 'दीदी, माताजी को गोली मिली कि नहीं?'"

माझी बायको हातातली किटली ठेवून तिच्याजवळ येऊन बसली.

"त्याले अजून समजलंच नवतं जी, का आई नाई म्हणून. हातात बेडी, अन् तो माह्या मायची चौकशी करते." ती रडत नव्हती, नुसती बोलत होती. "मी त्याले तीनदा वाढलं काकाजी. तो नाई म्हणून राहिला अन् मी वाढून राहिली. मले वाटलं, रीत आहे, भाव वाढवून राहिला. समोर असता तर हात दिसला असता. मोबाइलवर हात कुठं दिसते?"

निरोप कोर्टापुढे असणारच होते, म्हणून साहेबांनी तिला बजावलं होतं. एवढंच सांग, की नकार म्हणजे घासाघीस होती, सगळे विकणारे करतात. नवराही तेच म्हणत होता. गुन्हा त्याने केलाय, गोळी त्याने दिलीय, शिक्षा कोर्ट करेल, तू कशाला मधे पडतेस? बढती हातची जाईल, वर चौकशी लागेल. सगळं खरंच होतं.

"उद्या तुम्ही संग येता का?" तिने विचारलं. "काही बोलू नका. नुसते मागं बसा."

मी गेलो. दुर्गच्या कोर्टात मागच्या बाकावर बसलो. देवांगन पिंजऱ्यात उभा होता, वाळलेला, दाढी वाढलेली. पलीकडे त्याची बायको डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. न्यायाधीशबाई वयाने कुंदाताईंपेक्षा लहान असाव्यात.

बचावाच्या वकिलाने विचारलं, आरोपीने नकार दिला तेव्हा तुम्ही काय समजलात?

कुंदाताईंनी चष्मा सारखा केला. "मैडम," ती वकिलाला सोडून थेट न्यायाधीशबाईंना म्हणाली, "हमारे यहाँ खाने पर मेहमान पहले ना बोलता है. वो ना, ना नहीं होता. हम फिर परोसते हैं. मैं वही समझी."

कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "और अब क्या समझती हैं?"

"इसका ना सच्चा था. जो बेचनेवाला होता है, वो खुद पीछे आता है. इसने एक बार भी खुद से नहीं लिखा. हर बार मैंने लिखा." मला वाटलं संपलं. "और आखिर में इसने बेचने के लिए नहीं दिया. मेरी माँ के लिए दिया. वो दर्द मैंने सच्चा लिखा था, इसलिए दिया."

सरकारी वकील उठले, त्यांनी दोनतीनदा प्रश्न फिरवून विचारला. घासाघीस नव्हती का? भाव वाढवत नव्हता का? दर वेळी तिने "नहीं" म्हटलं. मागच्या दाराशी साहेब उभे होते. ते मधेच निघून गेले.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "पाणी आणता का काकाजी?" मी पाणी आणलं. या बुटक्या, तेलकट डोक्याच्या बाईबद्दल मला तेव्हा जो अभिमान वाटला, तो माझ्या सख्ख्या नातेवाइकांपैकी कोणाबद्दल कधी वाटलेला नाही, हे मी लिहून टाकतो.

देवांगन सुटला. निकालात तिच्या साक्षीचा उल्लेख होता म्हणे. तोवर त्याचं जवळजवळ वर्ष आत गेलं होतं. दुकान भावाने कसंबसं चालू ठेवलेलं, तिथे तो पुन्हा बसू लागला. कुंदाताईंची बढती हुकली, चौकशी लागली, आणि मग नंदिनी नगरच्या बाजूला एका चौकीवर बदली झाली. तिथे चुनखडीच्या खाणी आणि कामगारांची वस्ती. भांडणं, सायकलचोऱ्या, हरवलेली म्हैस. आठवड्याला एकदा घरी यायची. नवऱ्याने बरेच दिवस अबोला धरला होता, तोही हळूहळू सुटला.

एका सुट्टीत ती डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आली. रक्तदाब निघाला होता. "काकाजी, तुम्ही लेकीकडे कुम्हारीले जाता ना? तर ह्या गोळ्या त्याच्या दुकानातून आणता का?"

"कोणाच्या? देवांगनच्या?" माझी बायको म्हणाली. "अगं, हुडकोत काय गोळ्या मिळत नाहीत?"

"मिळते ना काकू. पण त्यानं मले पर्ची मागतली होती. मी कधी देलीच नाई." तिने चिठ्ठी माझ्या हातात दिली. "आता तरी देऊ द्या."

मी गेलो. दुकानात गर्दी नव्हती. देवांगनने चिठ्ठी घेतली, औषधाचं नाव वाचलं आणि कपाटाकडे हात नेता नेता वर लिहिलेलं नाव वाचलं. हात तिथेच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "वही हैं?"

"हो," मी म्हणालो. "वही हैं."

त्याने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. रागावलेला दिसत नव्हता, थकलेला दिसत होता. मग त्याने ती माझ्यापुढे परत ठेवली. "दवाई है मेरे पास," तो म्हणाला. "लेकिन इनको मैं नहीं दूँगा."

माझ्या ओठांवर शब्द आले होते. तिने काय गमावलं, कोर्टात कशी उभी राहिली. एवढं सांगितलं असतं तर त्याने दिल्या असत्या, माणूस मऊच होता. मी चिठ्ठी उचलली, मान लववली आणि बाहेर पडलो.

त्या रविवारी ती परत ड्युटीवर निघाली, तेव्हा मी बसपर्यंत सोडायला गेलो. हातात डबा, अंगावर तीच सैल वर्दी. हुडकोतल्या दुकानातून आणलेल्या गोळ्या मी तिला दिल्या आणि झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"किती वेळा म्हटलं त्यानं नाई?"

"एकदाच."

"अन् तुम्ही काय म्हटलं?"

"काही नाही. निघून आलो."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या प्रकरणानंतर पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झालेला मला दिसला. डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

"लय बरं केलं काकाजी," ती म्हणाली, आणि लागलेल्या बसमध्ये चढली.